इंजिन उतरलं त्या आठवड्यात

१४ मे, रात्री

इंजिन आज उतरलं. चेनकप्पीला लटकलेलं बघवेना, म्हणून चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर सटकलो. परत आलो तोवर गॅरेजवाल्या चाचांनी खालचं, ऑइल साठतं ते चेंबर खोलून ठेवलं होतं. तळाला काकवीसारखा काळा गाळ. ऑइल ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती मला दिसेचना. तिथं नुसतं एक काळं बूच होतं. चाचांनी स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं तेव्हा त्याखालून जाळी निघाली.

ते काही बोलले नाहीत. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

गाडी २००५ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, लाल. चार दारं, मागे डिकी, पाच माणसं बसतात. हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की जाणकार हसतात. हसू देत. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती, आणि जुळणी कुठली तर शेंद्र्याची, आमच्या जालना रोडवरची. मी सेकंडहँड घेतली तेव्हा सगळं जालना बियाणं विकणाऱ्या माणसाला असली गाडी कशाला, असं विचारत होतं. अजूनही विचारतं.

दोष माझा आहे, हे आजच लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभरात मीच दुसऱ्या कुणावर ढकलीन. लॉकडाउनमध्ये गाडी उभीच होती. ऑइल बदलायचं म्हटलं की मनात यायचं, किलोमीटर कुठं झालेत? पण ऑइलला किलोमीटर कळत नाहीत, ते उभ्या गाडीतही जुनं होतं. आणि एकदा पातळी कमी दिसली म्हणून ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधलं अर्धा लिटर ओतलं होतं. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखाच्या वर फिरतो, तो तापलेला असताना गाडी खटकन बंद केली की तिथलं ऑइल जागीच करपतं, हे मला माहीत होतं. माहीत असून दुकानासमोर आल्या आल्या रोज किल्ली काढली.

परवा मेहकरहून समृद्धीनं येताना सिंदखेडराजाच्या पुढं ऑइलचा लाल दिवा लागला, तीनदा बीप वाजला. तिथंच बंद करायला हवी होती. मी म्हटलं, जालना आलंच आता. चार किलोमीटरनंतर खालून खडखड सुरू झाली.

१७ मे

तीन दिवस फोनवर. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा एक जण म्हणतो, इंजिन आहे, ९५ हजार, टर्बो वेगळा. गॅरंटी? ‘चालू करून दाखवतो’ हीच गॅरंटी. दिल्लीतल्या मायापुरीतून एकानं फोटो पाठवला तो निघाला फोक्सवॅगन पसाटच्या इंजिनाचा. तेही १.८ टर्बोच, पण त्यात इंजिन लांबीला उभं बसतं, आपल्या गाडीत आडवं. माउंटिंग वेगळं, चेंबर वेगळं, पाइपांची तोंडं वेगळीकडं. शिवाय एकाच इंजिनाचे कोड कितीतरी. ब्लॉकवरचा कोड जुळला नाही तर सेन्सर आणि वायरिंगची रड.

आणि आरसीवर इंजिन नंबर असतो. नंबर बदलला की बिल, अर्ज, आरटीओची तपासणी. १५ वर्षं झाल्यावर २०२०मध्ये फेरनोंदणी करून पर्यावरण कर भरला, पाच वर्षांनी पुन्हा तेच केलं. त्या खिडकीवर आता तोंड दाखवायची इच्छा नाही.

हिशेब मांडला. कुर्ल्याचं जुनं इंजिन आणून टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सील, मजुरी धरून १ लाख ४० हजार. आहे तेच इंजिन पूर्ण दुरुस्त करायचं तर पावणेदोन लाख. धडधाकट असती तरी गाडीला दोन लाखांच्या वर कुणी देणार नाही. बायकोनं कागद बघितला आणि म्हणाली, “अहो, गाडीत इंजिन टाकताय की इंजिनासाठी गाडी ठेवताय?” बरोबर आहे तिचं. मृग तीन आठवड्यांवर आला, कपाशी-सोयाबीनचा माल भरायचा, आणि मी पिस्टन-रिंगांचे भाव काढत बसलोय.

३५ हजारांचा फरक हा फरक नव्हे, असं मी स्वतःला पटवत होतो. पटतही नव्हतं.

१९ मे

क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, बाहेर आली. ती ज्यात फिरते त्या बेअरिंगची अर्धी चकती चाचांनी हातावर ठेवली. नवी असते तेव्हा आतून राखाडी, गुळगुळीत. ही तांबूस झालेली. वरचा थर गेला, खालचं तांबं उघडं पडलं. नख फिरवलं तर ओरखड्यात अडकत होतं. मग क्रँकवर नख फिरवायला लावलं. तीन ठिकाणी सरकलं, चौथ्या ठिकाणी, तिसऱ्या सिलिंडरच्या जागी, अडकलं. म्हणजे क्रँक पाव मिलिमीटर घासायची आणि त्या मापाची बेअरिंगं बसवायची. सिलिंडरच्या भिंतींवर मात्र कारखान्यातल्या तिरक्या रेघा अजून दिसतात. बोर करायची, म्हणजे सिलिंडर कापून मोठे करायची गरज नाही, होनिंग (भिंती हलक्या घासणं) आणि रिंगा पुरेत. हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह, एकूण वीस, म्हणजे वीस सील. पैसे तिथं जाणार.

“लोखंड अच्छा है इसका,” चाचा म्हणाले. “कायकू फेकते?”

जालन्यात लोखंड फेकणं अवघड नाही. भट्टीवाले ब्लॉक घेतील आणि सळई होऊन तो कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाईल. पण कुर्ल्याच्या इंजिनात कुणी कुठल्या कॅनमधलं ऑइल ओतलं होतं हे मला कोण सांगणार? या इंजिनावरचे सगळे गुन्हे मला तोंडपाठ आहेत. कुर्ल्याच्या इंजिनाचंही चेंबर उघडायचंच, जाळी काढायचीच, म्हणजे अर्धं काम तिथंही होणारच. तेव्हा कुठं ते ३५ हजार हलके झाले.

आहे त्याच इंजिनाचं फुल काम करायला सांगितलं. बायकोला अजून आकडा सांगितलेला नाही, ‘थोडे जास्त लागतील’ एवढंच बोललोय. क्रँक उद्या संभाजीनगरला लेथवर जाईल. चाचांनी १० जूनची तारीख दिलीय. तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसेल, गाडी आली तरी उभीच राहील.

पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला बदलायचं, असं चाचांनी निघताना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.