लाल भोपळ्याची बिअर : तिसऱ्या वर्षाच्या नोंदी

न्यू जर्सीत सप्टेंबर अर्धा सरला की संध्याकाळी खिडकी उघडी ठेवताना अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटू लागते, आणि उन्हाळाभर आवडलेली हलकी, कडवट, थंडगार बिअर अचानक पाणीदार लागते. पंपकिन एलची, म्हणजे भोपळा आणि मसाले घातलेल्या बिअरची, ओढ मला याच दिवसांत लागते. भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) गोडसरपणा, सहा-सात टक्के अल्कोहोलची ऊब आणि दालचिनी-जायफळाचा वास या तिन्ही गोष्टी हवेतल्या गारव्याशिवाय खुलत नाहीत. त्यामुळे ही बिअर ऑक्टोबरमध्येच प्यावी, आणि त्याच वर्षीच्या भोपळ्याची असावी, असे माझे ठाम मत आहे. गेली दोन वर्षे मला हे जमले नव्हते. यंदा बऱ्याच अंशी जमले, म्हणून या नोंदी सविस्तर लिहीत आहे.

आधीच्या दोन चुका थोडक्यात सांगते. पहिल्या वर्षी मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टमध्ये, भोपळ्याचा गर घातला, पण भाताचे तूस घातले नाही. गराचा चिखल होऊन माल्टचा थर घट्ट बसला आणि एरवी पाऊण तासात गळणारा वॉर्ट (माल्टचा गोड रस) गळायला तीन तास लागले. शिवाय उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत मसाले थेट भांड्यात टाकल्यामुळे तयार बिअरला लवंगतेलाचा वास आला. दुसऱ्या वर्षी हॅलोविननंतर स्वस्तात मिळालेले, कोरीवकामासाठी वाढवलेले भोपळे वापरले. त्यांचा गर पाणचट निघाला आणि बाटल्या डिसेंबरच्या मध्यावर तयार झाल्या. तोवर शरद ऋतू संपला होता. तीच दालचिनी आता नाताळच्या केकसारखी लागू लागली, आणि अर्ध्या बाटल्या मार्चपर्यंत तशाच पडून राहिल्या.

५ सप्टेंबर. भोपळा निवडण्यासाठी यंदा मी सर्वांत जास्त वेळ दिला. अमेरिकेतील कोरीवकामाचे नारिंगी भोपळे कुकुर्बिटा पेपो या जातीचे असतात. त्यांचा गर विरळ, धागेदार आणि बेचव असतो. पंपकिन पाय या गोड पदार्थासाठी डब्यात जो गर मिळतो, तो मुख्यतः इलिनॉयमध्ये पिकणाऱ्या डिकिन्सन नावाच्या फिकट, लांबट भोपळ्याचा असतो, आणि ती जात कुकुर्बिटा मोस्काटा आहे. भारतीय किराणा दुकानात चकत्या कापून मिळणारा लाल भोपळा बहुतेक वेळा याच मोस्काटाच्या कुळातला असतो, हे समजल्यावर मला मनापासून आनंद झाला. आईला फोनवर विचारले, तर ती म्हणाली, "घारग्यांना घेतो तसाच घे. चकतीवर नख रोवून बघ, पाणी सुटलं तर तो घेऊच नकोस." घारग्यांचे पीठ भोपळ्याच्या अंगच्या ओलाव्यात भिजवायचे असते, त्यामुळे पाणचट भोपळा तिथे लगेच उघडा पडतो. बिअरच्या मॅशलाही हीच कसोटी तंतोतंत लागू पडते. शेवटी दीड किलो लाल भोपळा दुकानातून घेतला आणि जवळच्या शेतावरून लाँग आयलंड चीज जातीचा एक चपटा, फिकट तपकिरी भोपळा आणला. तोही मोस्काटाच आहे.

१२ सप्टेंबर. भोपळ्याच्या फोडी १८० अंश सेल्सियसला कडा तपकिरी होईपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वा तास भाजल्या. साल काढून कुस्करल्यावर २.७ किलो गर निघाला. १९ लिटरच्या बॅचसाठी टू-रो पेल माल्ट ४.३ किलो, म्युनिक ७०० ग्रॅम, क्रिस्टल ६० हे ३५० ग्रॅम, व्हिक्टरी २०० ग्रॅम (ही सगळी माल्टचीच नावे) आणि भाताचे तूस २५० ग्रॅम घेतले. सगळा गर मॅशमध्येच घातला, कारण त्यातील स्टार्चची साखर व्हायची तर माल्टमधील एन्झाइमांची सोबत लागते. नुसता उकळीत घातलेला गर बिअर गढूळ करतो. ६७ अंशांना एक तास मॅश केले आणि या वेळी वॉर्ट पन्नास मिनिटांत सुरळीत गळला. कडवटपणासाठी मॅग्नम जातीची हॉप्स नावाची फुले १५ ग्रॅम पूर्ण साठ मिनिटे उकळली. सुगंधाचे हॉप्स मुद्दाम टाळले, कारण लिंबू-संत्र्याचा वास इथे मसाल्याशी भांडतो. सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत रसाची घनता, १.०६१ आली; साखर जास्त तितका हा आकडा मोठा. भोपळ्याचा यातला वाटा माझ्या हिशेबाने फार तर दोन-तीन पॉइंटांचा (एक पॉइंट म्हणजे ०.००१) आहे. बाकी सगळे माल्टचे. यीस्ट सॅफएल यूएस-०५, तापमान १८ अंश.

त्याच दिवशी, त्याच माल्टच्या प्रमाणात पण भोपळा न घालता चार लिटरची एक लहान बॅचही लावली. भोपळा नेमके काय करतो हे एकदा पाहायचेच होते.

हा प्रश्न तसा जुना आहे. अमेरिकेतील वसाहतींच्या काळात माल्ट महाग आणि दुर्मीळ होते, म्हणून लोक भोपळ्यापासूनच मद्य बनवत. १७७१ सालच्या पॉम्पियन (म्हणजे भोपळा) एलच्या एका कृतीत भोपळा ठेचून सफरचंदासारखा पिळावा, रस बराच वेळ उकळून त्यावरचे तंतू काढून टाकावेत आणि मग हॉप्स घालून माल्टच्या बिअरसारखा आंबवावा, असे सांगितले आहे. मसाल्याचा त्यात उल्लेखही नाही. आज आपण ज्याला पंपकिन एलची चव म्हणतो ती फार अलीकडची आहे. कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथे बिल ओवेन्स यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात आपल्या बफेलो बिल्स ब्रूअरीत भोपळ्याची बिअर पुन्हा करून पाहिली, तेव्हा भोपळ्याची चव बिअरमध्ये उतरतच नाही असे त्यांना आढळले आणि ते पंपकिन पायमध्ये घालतात त्या मसाल्याकडे वळले. डेलावेअरच्या डॉगफिश हेडची सात टक्क्यांची पंकिन एल भोपळ्याबरोबर ब्राउन शुगर, ऑलस्पाइस (मिऱ्यासारखे दिसणारे मसाल्याचे दाणे), दालचिनी आणि जायफळ यांवर उभी आहे. सिअ‍ॅटलची इलिशियन ब्रूअरी तर २००५ पासून भोपळ्याच्या बिअरचा महोत्सवच भरवू लागली. तिथे एक महाकाय भोपळा पोखरून त्यात बिअर भरतात आणि त्यालाच तोटी लावतात. ओवेन्स यांचा अनुभव मला पटतो, तरीही स्वतःच्या जिभेने खात्री करून घ्यायची होती.

२३ सप्टेंबर. मसाल्याचा अर्क सुरू केला : ९० मिलिलिटर व्होडका, ५ ग्रॅम दालचिनी, किसलेले पाव जायफळ, एक ग्रॅम सुंठ, ऑलस्पाइसचे चार दाणे आणि फक्त दोन लवंगा. लवंग कमी ठेवण्याचे कारण पहिल्या वर्षीच कळले होते. तिच्यातील युजेनॉल हा वासाचा घटक इतर सगळ्या वासांवर मात करतो.

२७ सप्टेंबर. शेवटची ग्रॅव्हिटी १.०१५, म्हणजे अल्कोहोल सुमारे सहा टक्के. औषधाच्या एक मिलिलिटरच्या सिरिंजने १०० मिलिलिटरच्या तीन पेल्यांत ०.२, ०.३ आणि ०.४ मिलिलिटर अर्क घालून पाहिला. मला ०.४ चा पेला आवडला, पण प्रत्यक्षात ०.३ चे प्रमाण घेतले, कारण बिअरमध्ये वायू भरला की मसाल्याचा वास वर येतो आणि सपाट बिअरमध्ये बेताचा वाटलेला मसाला फेसाबरोबर जास्त होतो. त्यानुसार बारा लिटरमध्ये ३६ मिलिलिटर अर्क घातला आणि सहा लिटर बिनमसाल्याची ठेवली. अर्क करून थेंबाथेंबाने मोजण्याची ही पद्धत मी प्रत्येकाला सुचवेन. उकळत्या भांड्यात टाकलेला मसाला परत काढता येत नाही.

११ ऑक्टोबर. पहिली बाटली. बाहेर नऊ अंश तापमान होते. रंग जुन्या तांब्यासारखा, फेस टिकाऊ. आधी दालचिनी येते, घोट गिळताना जायफळ येते आणि लवंग कुठेतरी मागे राहते. फ्रिजमधून काढल्या काढल्या ही बिअर मुकी वाटली. पेला अर्धा तास तसाच ठेवल्यावर, बारा अंशांच्या आसपास, ती बोलू लागली. थंडगार पिण्याची उन्हाळी सवय इथे सोडावी लागते.

१८ ऑक्टोबर. आमच्या होमब्रू (घरी बिअर बनवणाऱ्यांच्या) क्लबमधील आठ जणांना कशात काय आहे ते न सांगता तीन-तीन पेले दिले. दोन पेल्यांत बिनमसाल्याची भोपळ्याची बिअर आणि एकात भोपळा नसलेली, किंवा याच्या उलट. वेगळा पेला चौघांनी बरोबर ओळखला. नुसत्या अंदाजानेही दोघा-तिघांचे उत्तर बरोबर येतेच, त्यामुळे यावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही. ज्यांनी ओळखला त्यांपैकी दोघांनी "जिभेवर जरा भरीव" आणि "कडेला भाजल्याचा वास" असे लिहिले. भोपळा हा शब्द एकानेही लिहिला नाही. मसाल्याचा पेला समोर आल्यावर मात्र आठही जणांनी पहिल्याच वासाला "पंपकिन" म्हटले.

मग भोपळा घालायचाच कशाला, असा प्रश्न त्या संध्याकाळी निघाला. माझे उत्तर असे की तो भरीवपणा आणि ती भाजलेली कड मला हवी आहे. मसाल्याला टेकायला काहीतरी लागते. आणि याहून मोठे कारण म्हणजे ताज्या भोपळ्यामुळे वेळापत्रक आपोआप ठरते. दुकानात ऑगस्टमध्येच येणारी पंपकिन बिअर जून-जुलैमध्ये तयार झालेली असते. तेव्हा नवे भोपळे वेलीवरच असतात, म्हणून गेल्या वर्षीच्या डबाबंद गरावाचून ब्रूअरींना पर्याय नसतो. तीस अंशांच्या उकाड्यात तो पेला हातात घेण्याचे माझ्या मनाला कधीच पटले नाही. सप्टेंबरमध्ये भोपळा आला की ब्रू करायचे आणि ऑक्टोबरमध्ये पाने लाल होत असताना प्यायचे, इतके साधे गणित यात आहे. अलीकडच्या काळात ही बिअर कंटाळवाणी झाल्याची तक्रार अनेक जण करतात. ती ऋतूच्या दोन महिने आधी समोर येते, हे त्याचे मोठे कारण असावे असे मला वाटते.

२४ ऑक्टोबर. मसाल्याच्या चौदा बाटल्या उरल्या आहेत. जायफळ पहिल्या आठवड्यापेक्षा किंचित मवाळ झाले आहे, म्हणून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत सगळ्या संपवायच्या असे ठरवले आहे. पुढच्या वर्षी म्युनिक एक किलोवर नेऊन क्रिस्टल २०० ग्रॅमवर आणेन, कारण शेवटचा घोट अजून थोडा गोड राहतो. लाँग आयलंड चीजच्या बिया धुऊन, वाळवून ठेवल्या आहेत. परसातील कुंपणालगतची जागा मे महिन्यात त्यांच्यासाठी मोकळी करायची आहे.