मालक, तुमी नेमके कुन्या पार्टीचे?

दुकानात खत-बियाणं घ्यायला आलेला माणूस बिल होईस्तोवर हेच विचारतो. "कुणाचाच नाही" म्हटलं की डोळे बारीक करून हसतो.

२०२४ मध्ये लोकसभेला मराठवाड्यातल्या ८ पैकी ७ जागा महाविकास आघाडीच्या, अन् नोव्हेंबरात विधानसभेला ४६ पैकी ४० महायुतीच्या. टीव्हीवाले म्हणाले, वारं फिरलं. कुठलं वारं? २६ एप्रिलच्या उन्हात घरी बसलेले कैक जण नोव्हेंबरात रांगेत होते, त्यांना फिरलेले कसं म्हणायचं?

आमच्या नांदेडचं तर बघाच. खासदार वसंतराव चव्हाण ऑगस्टमध्ये वारले, म्हणून लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेसोबतच, २० नोव्हेंबरला. एकाच केंद्रात दोन मतं द्यायची. निकाल लागला तर मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीला, अन् लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण, वसंतरावांचे चिरंजीव, १,४५७ मतांनी. त्या दोन यंत्रांवर दोन वेगळ्या आघाड्यांची बटणं दाबणाऱ्यांतला एक मी.

माझं कारण फार थोर नाही. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, अन् मोंढ्यात कास्तकाराला चार-सव्वाचार हजारांच्या वर कुणी विचारीना. कट्टे घरात पडून, माझी उधारी वहीत पडून. खाद्यतेलाची आयात अन् हमीभाव दिल्लीच्या हातात, म्हणून तो राग लोकसभेच्या यंत्रावर काढला. दुसऱ्या यंत्रापुढं मात्र लाडक्या बहिणीचे हप्ते आठवले. निवडणुकीआधी पाच हप्ते, साडेसात हजार. मागच्या वर्षीची बाकी घेऊन त्या दिवाळीत दुकानाची पायरी चढल्या त्या बाया, गडी नव्हे. एकीनं तर पदराच्या गाठीतून नोटा काढून स्वतःच्या हातानं वहीत नवऱ्याच्या नावावर काट मारली. एवढ्यावर मत द्यावं का? घरात पोरगा चिडलाच. त्याचं अन् त्याच्या दोस्तांचं गणित मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर झालेल्या अंतरवाली सराटीच्या लाठीमारापासून सुरू होतं, माझं वहीपासून.

हे सगळं परवा एका गिऱ्हाइकाला सांगितलं. युरियाची गोणी गाडीवर बांधता बांधता म्हणाला, "म्हंजे मालक, तुमी दोगायचेबी."

म्हटलं, "मामा, तुमची मागची बाकी किती राहिली, ते बघू आधी."