फ्रेझरची उजळणी: सहावा सीझन संपला, नाइल्सची वही भरत आली

मंडळी, ‘फ्रेझर’ या अमेरिकन विनोदी मालिकेचा सहावा सीझन काल रात्री संपवला. पद्धत तीच: प्रत्येक एपिसोड दोनदा बघायचा. एकदा सरळ, आणि एकदा फक्त फ्रेझरच्या भावावर, म्हणजे नाइल्सवर नजर ठेवून. त्याला संवाद नसतो तेव्हा तो काय करतो, तेवढंच वहीत उतरवायचं.

वहीतली पहिली ओळ १९९३च्या पहिल्या एपिसोडची आहे. कॅफेत बसण्याआधी तो रुमाल काढून खुर्ची पुसतो. संपला विषय, माणूस कळला!

गंमत म्हणजे मूळ कल्पनेत फ्रेझरला भाऊच नव्हता. डेव्हिड हाइड पिअर्स या नटाचा चेहरा फ्रेझर साकारणाऱ्या केल्सी ग्रामरच्या तरुणपणीच्या चेहऱ्याशी जुळतो हे लक्षात आलं आणि नाइल्स जन्माला आला. माझं मत आता पक्कं झालंय, मालिका तिथेच तरली. फ्रेझर स्वतः एवढा चोखंदळ आणि ऐटबाज, की एकटा असता तर डोक्यात गेला असता. पण शेजारी त्याच्याही वरताण नाइल्स बसला की तोच फ्रेझर समजूतदार वाटतो, आपलासा होतो.

या सीझनमध्ये सगळ्यात जास्त वेळ गेला ‘थ्री व्हॅलेंटाइन्स’वर. सुरुवातीचा प्रसंग मी सात वेळा पाहिला. नाइल्स भावाच्या घरी एकटाच, सोबतीला फक्त एडी कुत्रा. संवाद जवळपास नाहीतच. पँटची इस्त्री नीट नाही म्हणून तो इस्त्रीचं टेबल मांडतो. मग एक सुटलेला दोरा दिसतो. कात्री आणायला जातो, ती हातात येताच धावायला लागतो आणि लगेच स्वतःला आवरून जपून चालू लागतो. (हे मला तिसऱ्या वेळी दिसलं. दिसलं आणि मी रिमोट खाली ठेवला.) मग बोट कापतं, रक्त बघून भोवळ येते, आणि इकडे पँट जळायला लागते. एकही हालचाल फुकट नाही. प्रत्येक संकट आधीच्या नीटनेटकेपणातूनच निघतं, म्हणून हसूही येतं आणि त्याची काळजीही वाटते.

अकरा सीझन, २६४ एपिसोड, नाइल्स साकारणाऱ्या पिअर्सला दरवर्षी एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्काराचं नामांकन आणि ४ वेळा पुरस्कार. कमीच म्हणेन मी.

आता सातवा सीझन. त्यात नाइल्सचं जिच्यावर प्रेम आहे ती डॅफ्नी खोलीत आली की त्याची मान कशी वळते, एवढंच टिपणार आहे. तुमच्यापैकी कुणी सोबत बघणार असेल तर शनिवारपासून सुरू करतोय.