तुम्ही विचारलंत म्हणून: अल्झायमर आधीच रक्तात दिसतो का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून हमखास येणारा प्रश्न असा: "आईला विसरायचा आजार होता. मी पन्नाशीत आहे, मला काही त्रास नाही. आत्ताच रक्त तपासून घेऊ का?"

रक्तात दिसतं, हे खरं. तरीही त्रास नसताना तपासू नका, असंच आम्ही सांगतो.

मेंदूत बीटा-अमायलॉइड हे प्रथिन साचायला लागतं ते विसर पडायच्या 15-20 वर्षं आधी. पुढे टाउ प्रथिन बिघडतं आणि त्याचे अंश रक्तात उतरतात. त्यांतला पी-टाउ217 हा अंश सध्या सगळ्यांत भरवशाचा. पूर्वी यासाठी पाठीच्या मणक्यातून पाणी काढावं लागे, नाहीतर मेंदूचा महागडा पेट (PET) स्कॅन. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि चाचण्यांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) पी-टाउ217 आणि अमायलॉइड 42 (बीटा-अमायलॉइडचाच एक प्रकार) यांच्या गुणोत्तरावर चालणाऱ्या रक्तचाचणीला मंजुरी दिली, पण ती वय 55 किंवा जास्त आणि लक्षणं दिसू लागलेल्यांसाठी. ही दुसरी अट बातमी सांगताना नेमकी गळते.

गणित मांडून बघा. समजा, चाचणी दोन्ही बाजूंनी 90 टक्के बरोबर आहे आणि त्रास नसलेल्या 1000 जणांत 100 जणांच्या मेंदूत अमायलॉइड आहे. त्यांतले 90 सापडतील. उरलेल्या 900 पैकीही 90 जण उगाच पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांतले निम्मे विनाकारण झोप घालवून बसणार. खऱ्या पॉझिटिव्हांतही कित्येकांना हयातभर विसर पडत नाही. लेकानेमॅब, डोनानेमॅब ही औषधंही सौम्य लक्षणं सुरू झालेल्यांनाच देतात. मग रिपोर्ट घेऊन करायचं काय?

विसर खरंच सुरू झाला असेल आणि न्यूरोलॉजिस्टनी चाचणी लिहून दिली असेल, तर नमुन्याकडे नीट लक्ष द्या. रक्त ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात आणि नळी 8-10 वेळा हलकेच उलटसुलट करतात. शक्यतो 2 तासांच्या आत सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवणारं यंत्र, फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा द्रव, वेगळा काढायचा, तो पॉलिप्रॉपिलिनच्या नळीत भरायचा आणि गोठवून पाठवायचा. नळीचा एवढा आग्रह का, तर अमायलॉइड चिवट. काचेला, पॉलिस्टायरीनला चिकटून बसतं. रक्त दिवसभर उकाड्यात पडून राहिलं तरी अमायलॉइड घटतं, पी-टाउ मात्र त्यामानाने टिकतो. गुणोत्तरात खालचा आकडा घसरला की उत्तर आपोआप वर चढतं आणि चांगला माणूस पॉझिटिव्ह ठरतो! म्हणून कलेक्शन सेंटरवर सरळ विचारा: प्लाझ्मा इथंच काढता, की रक्त तसंच गाडीत घालता? उत्तर गुळमुळीत आलं, तर जिथं सेंट्रिफ्यूज आणि डीप फ्रीझर आहे तिथं जाऊन रक्त द्या.

क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत असू द्या. मूत्रपिंड कमजोर असेल तर पी-टाउ वाढलेला दिसतो. लठ्ठ माणसात उलट, कमी. काहींचा आकडा मधल्या पट्ट्यात अडकतो, ना हो ना नाही. तिथं पुन्हा पेट स्कॅन किंवा पाठीतलं पाणी, दुसरा इलाज नाही.

या सगळ्याआधी तालुक्याच्या गावी होणाऱ्या साध्या तपासण्या उरकून घ्या: बी12, थायरॉइडचा टीएसएच, साखर, रक्तदाब. कान तपासा, ऐकूच न आलेलं लक्षात कसं राहणार? चालू गोळ्या सगळ्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. झोपेच्या, सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ चांगलाच वाढतो.

आणि स्मरणशक्तीची तोंडी चाचणी. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) चाचणीसंच सुरुवातीला हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांत तयार झाला. आपल्याकडे आजी बाजारात कन्नड बोलतात, घरात मराठी. शब्द लक्षात ठेवायची चाचणी त्यांना कन्नडमधून घेतली, तर आठवणीपेक्षा भाषेचेच मार्क कापले जातात. तारीख न सांगता "आज एकादशी" म्हणाल्या आणि एकादशी खरोखर असली, तर ते उत्तर चुकीचं धरू नका म्हणावं. "मराठीतून घ्या, आणि शाळा चौथीपर्यंतच झालीय" हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.