एम१२७७ : संयुक्त हे पक्कं, पण अवयव एकही हाती नाही

एम१२७७ म्हणजे २^१२७७ − १, ही संख्या ३८५ अंकी आहे. मर्सेन संख्या म्हणजे २^n − १ या रूपाच्या संख्या. घातांक n मूळ असलेल्या मर्सेन संख्यांमध्ये, संयुक्त ठरूनही जिचा एकसुद्धा अवयव सापडलेला नाही, अशी ही सर्वांत लहान. तिच्या शेजारची २^१२७९ − १ मात्र मूळ संख्या आहे. रॅफेल रॉबिन्सन यांनी १९५२ मध्ये स्वॅक संगणकावर ते सिद्ध केलं. एम१२७७ चे अवयव शोधायला निघताना या शेजाराचा आपल्याला फार उपयोग होतो.

आधी ल्यूका-लेहमर चाचणी, म्हणजे मर्सेन संख्या मूळ आहे की संयुक्त ते ठरवणारी. ४ पासून सुरुवात, दर पायरीला वर्ग करून २ वजा, मग एम१२७७ ने भागून बाकी. अशा १२७५ पायऱ्यांनंतर बाकी शून्य येत नाही, म्हणजे संख्या संयुक्त. पण शून्य न येणं हे चुकलेल्या कोडचंही लक्षण असू शकतं, म्हणून तोच कोड १२७९ वर चालवा. तिथे १२७७ पायऱ्यांनी शून्य आलंच पाहिजे. एक पायरी जास्त झाली तर −२ दिसतो आणि चूक लगेच कळते.

फर्माच्या चाचणीत पायाचा (संख्या − १) वा घात घेऊन संख्येने भागतात; बाकी १ आली नाही तर संख्या संयुक्त. ती पाया २ घेऊन लावू नका. १२७७ हा एम१२७७ − १ चा अवयव आहे, त्यामुळे संख्या संयुक्त असूनही उत्तर १ च येतं. पाया ३ घ्या.

मूळ अवयव कोणताही असो, तो २५५४k + १ या रूपाचा (k पूर्ण संख्या), आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७. म्हणजे k ला ४ ने भागून बाकी ० किंवा ३ हवी. k = ३ ला ७६६३ = ७९ × ९७, k = ४ ला १०२१७ = १७ × ६०१, k = ७ ला १७८७९ = १९ × ९४१. ८ आणि ११ ला अनुक्रमे ३ आणि ५ ने भाग जातो. पहिला मूळ उमेदवार थेट k = १२ ला, ३०६४९. त्याने २^१२७७ ला भागलं की बाकी १२३८६, म्हणजे हाही बाद. आपल्या चाळणीत ही बाकी जुळवून बघा.

पी-१ पद्धतीतही पाया २ दगा देतो. ही पद्धत असा मूळ अवयव पकडते, ज्यातून १ वजा केल्यावर उरलेली संख्या लहान मूळ संख्यांतच फुटते. एम१२७७ च्या प्रत्येक अवयवासाठी २ ची कोटी (२ चा ज्या सर्वांत लहान घाताला बाकी १ येते तो) १२७७ च असते, त्यामुळे मसावि म्हणून अख्खी संख्याच परत मिळते. सरावाला एम६७ = १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ उत्तम. दोन्हींतून १ वजा करून बघा. १९३७०७७२० = २^३ × ३^३ × ५ × ६७ × २६७७, तर ७६१८३८२५७२८६ मध्ये ८५३९ लपलाय. पाया ३, बी-१ (पहिल्या टप्प्यातल्या मूळ संख्यांची मर्यादा) ३००० आणि दुसरा टप्पा (त्या मर्यादेपलीकडची एक मूळ संख्या चालवून घेणारा) बंद ठेवला तर १९३७०७७२१ एकटा बाहेर पडतो. दुसरा टप्पा चालू राहिला तर दोन्ही अवयव एकदम सापडून पुन्हा अख्खी संख्या पदरात पडू शकते.

खरी मेहनत लंबवर्तुळी वक्रांची (ईसीएम). ही पी-१ सारखीच पद्धत, पण दर वेळी नवा वक्र घेऊन नव्याने नशीब आजमावता येतं. त्यासाठीच्या जीएमपी-ईसीएम या प्रोग्रामच्या तक्त्यात ६० अंकी अवयवासाठी बी-१ २६ कोटी आणि ४२०१७ वक्र, ६५ अंकीसाठी ८५ कोटी आणि ६९४०८. एवढे वक्र झाले म्हणजे ती पातळी संपली, असं समजणारे बरेच भेटतात. ते बरोबर नाही. त्या आकाराचा अवयव असूनही निसटण्याची शक्यता तेव्हा सुमारे ३७ टक्के उरते, आणि तिप्पट वक्रांनंतर ५ टक्के. दुसरा टप्पा मेमरी खातो, म्हणून कमाल मेमरीची मर्यादा घालूनच चालवा आणि पहिल्या टप्प्याची बाकी फाइलमध्ये जपून ठेवा.

हेही नाही जमलं तर विशेष संख्याक्षेत्र चाळणी. ही पद्धत अवयवाच्या आकारावर अवलंबून नसते; दोन बहुपदींतून लहान मूळ अवयवांत फुटणाऱ्या किमतींच्या जोड्या, म्हणजे ‘संबंध’, गोळा करून ती संख्या फोडते. बहुपदी आयती मिळते: x^६ − २ आणि x − २^२१३, कारण २१३ × ६ = १२७८ आणि २^१२७८ − २ = २ × एम१२७७. सातव्या घाताला x^७ − १६ आणि २^१८३, आठव्याला x^८ − ८ आणि २^१६०. एम१०६१ याच वाटेने २०१२ मध्ये फुटली, १४३ आणि १७७ अंकी अवयवांत. पण ती ३२० अंकी होती. एम१२७७ मध्ये तिच्याहून जास्तीचे ६५ अंक घरच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचे आहेत, म्हणून सध्या वक्रच चालू ठेवायचे आणि सोबत या तिन्ही बहुपदींवर शोधाच्या छोट्या पट्ट्यांवर नमुन्यादाखल चाळणी करून संबंध कुठे जास्त मिळतात ते मोजायचं.