जुलाब चौदाव्या दिवसापर्यंत जातात तेव्हा

लहान मुलाचे जुलाब बहुतेक वेळा आठवड्याच्या आत थांबतात. 14 दिवस किंवा त्याहून जास्त चालले, की तो लांबलेला अतिसार. दिवस मोजताना मात्र हमखास चूक होते. मध्ये एक दिवस शी जरा घट्ट झाली की आपण पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो. सलग दोन दिवस तरी जुलाबाशिवाय गेले, तरच आधीचा आजार संपला असं धरा.

ओआरएस आणि लसींमुळे जुलाबांनी दगावणाऱ्या मुलांची संख्या गेल्या चाळीस वर्षांत खूप कमी झाली. तरीही जगात दर वर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं यात जातात. ओआरएस शरीरातलं पाणी भरून काढतं, आतड्याची जखम भरत नाही. लांबलेल्या जुलाबांत खरी लढाई त्या जखमेशी असते.

आतड्याच्या आतल्या अस्तरावर बोटांसारखे इवलेसे उंचवटे असतात. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज त्यांच्या टोकाशी तयार होतं आणि जंतुसंसर्गात पहिली झडतात ती टोकंच. मग न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, शी फेसाळ आणि आंबट होते, गुदाभोवतीची कातडी लालबुंद होऊन सोलवटते. अस्तर पुन्हा उभं राहायला प्रथिनं आणि झिंक लागतं. कुपोषित मुलाकडे तेच नसतं, म्हणून कुपोषण हाच सर्वांत मोठा धोका. त्यानंतर पहिल्या वर्षातलं वय, अंगावरचं दूध लवकर तोडणं, बाटलीने वरचं दूध, नुकताच झालेला गोवर, एचआयव्ही. बाटलीच्या बुचाच्या आत बोट फिरवून बघा, धुतल्यावरही दुधाचा बुळबुळीत थर हाताला लागतो. त्यापेक्षा वाटी-चमचा कितीतरी बरा. जंतूंमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया लक्षात ठेवा. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनच्या पाण्यातही टिकतो, पाणी उकळलं की मरतो.

सगळ्यात वाईट वाटतं ते ‘पोटाला आराम’ म्हणून मुलाला उपाशी ठेवलं जातं याचं. अन्न मिळालं नाही, तर अस्तर सावरणार कशाने? अंगावरचं दूध चालू ठेवा, उलट जास्त वेळा पाजा. मूल वरचं खाऊ लागलं असेल तर प्राण्यांचं दूध दिवसाला किलोमागे 50 मिलीपेक्षा जास्त नको. तेही शिजवलेल्या धान्यात मिसळून किंवा दह्याच्या रूपात द्या, दह्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी असतं. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं भरवा.

झिंक सहा महिन्यांपर्यंत रोज 10 मिलिग्रॅम, त्यापुढे 20 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब कमी होतात आणि अर्धी पट्टी तशीच पडून राहते, ती पूर्ण संपवा. ओआरएस प्रत्येक पातळ शीनंतर: दोन वर्षांखाली 50 ते 100 मिली, वर 100 ते 200 मिली. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना अजिबात नकोत. शीमध्ये रक्त नसेल, तर डॉक्टरांच्या तपासणीशिवाय अँटिबायोटिकही नको.

चार महिन्यांखालचं बाळ, खोल गेलेले डोळे, सुस्ती, शीमध्ये रक्त, पिणं बंद किंवा हाडं दिसण्याइतका रोडपणा, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. बाकीच्यांना पाच दिवसांनी पुन्हा दाखवायचं आणि वजन करायचं. जुलाब थांबल्यावरही महिनाभर रोज एक जास्तीचं जेवण द्या.