खड्डा, पावती आणि मूर्ती

बडोद्याच्या म्युझियममधली अकोट्याची (बडोद्याजवळचं गाव) जीवंतस्वामींची, म्हणजे दीक्षेआधीच्या महावीरांची, ब्राँझ मूर्ती निर्धास्तपणे बघता येते. १९५१ साली ६८ ब्राँझचा तो साठा कुठे सापडला, याची नोंद आहे. सीरिया-इराकमधून लुटून आणलेल्या वस्तूची नेमकी हीच नोंद पुसलेली असते. मग 'आयसिस'ने पुरावस्तू विकून किती कमावलं, यावर वाद पेटतो आणि कुठलाही पुरावा कशालाही जोडला जातो.

२०१४ साली सीरियातल्या एकट्या अल-नबुक भागातून ३.६ कोटी डॉलर मिळाल्याचा आकडा जगभर फिरला. तो आला एका इराकी गुप्तचर अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून. अस्सल कागद हाती लागला मे २०१५ मध्ये, 'आयसिस'चा तेल आणि पुरावस्तूंचा कारभार बघणारा अबू सय्याफ मारला गेला त्या अमेरिकी छाप्यात. 'खुम्स' म्हणजे पुरावस्तूंच्या मालावर 'आयसिस'ने घेतलेल्या २० टक्के वसुलीच्या पावत्या होत्या त्या, सुमारे चार महिन्यांत २ लाख ६५ हजार डॉलरच्या. पाचाने गुणा: माल सुमारे १३ लाख २५ हजारांचा. इथेच थांबायचं. हा भाव उकरणाऱ्याच्या जवळपासचा आहे. त्याला वर्षाने, मग प्रांतांनी, मग लंडनच्या किमतीने गुणत गेलं की कोट्यवधी डॉलर तयार होतात. पण मधल्या दलालांचा नफा 'आयसिस'च्या खात्यात मांडला जातो, हे कुणी बघत नाही.

उपग्रहाच्या फोटोंचंही तसंच. सीरियातल्या अपामिया या प्राचीन शहराचे युद्धाआधीचे आणि एप्रिल २०१२ चे फोटो शेजारी ठेवा: मोकळ्या जमिनीची चाळण झालेली दिसते. लूट झाली, यात शंकाच नाही. मात्र तो परिसर तेव्हा सरकारी फौजेच्या ताब्यात होता. खड्डा कुणी खणला, त्यातून काय निघालं, हे फोटो सांगत नाही. मोजताना एकाच ऋतूचे फोटो घ्या. सावली बदलली की जुना खड्डा नवा वाटतो. झाडं लावायचे खड्डे सरळ रांगेत असतात, ते वगळा.

उरते वस्तू. सुरक्षा परिषदेच्या २१९९ क्रमांकाच्या ठरावात सीरियासाठी १५ मार्च २०११ आणि इराकसाठी ६ ऑगस्ट १९९० या तारखा आहेत; त्यानंतर तिथून बेकायदा बाहेर काढलेल्या पुरावस्तूंच्या व्यापारावर बंदी आहे, म्हणून विक्रेता त्याआधीची 'खासगी संग्रह, १९६० चं दशक' अशी ओळ लिहितो. एवढ्यावर विश्वास ठेवू नका. जुना फोटो, कस्टमचा कागद, विम्याची यादी मागा आणि कडेचा टवका फोटोशी ताडून बघा. क्युनिफॉर्म (मेसोपोटेमियाची प्राचीन खिळेलिपी) पाटीच्या खाचांत माती असेल, तर वस्तू कुठून निघाली याचा तोच माग; ती कुणी साफ करण्याआधी नमुना घ्या. धुतली की गेली.